उघड्या इंजिनावर अक्षता

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलो तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेखात्यात, कापडाच्या मागावर होते. आई लोकांचे मसाले कुटून द्यायची. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर चाळीत आमची एक खोली होती, आणि त्या खोलीतल्या फळीवर अभ्यास करून मी मेकॅनिकल इंजिनियर झालो. पदवीचा कागद काचेत घालून भिंतीवर लावला, तो देवांच्या तसबिरींच्या वर. आई म्हणाली, "अरे, देवाच्या डोक्यावर नको. खाली लाव." मी म्हटलं, "देवाने अभ्यास केला होता का?" कागद वरच राहिला.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. इंजिनियर ढिगाने होते आणि नोकऱ्या नव्हत्या. मला नोकरी मिळाली ती घाटकोपरच्याच एका शेठकडे. त्याचा ट्रक दुरुस्तीचा मोठा कारखाना होता, आणि ट्रकच्या पैशावर पोसलेलं एक वेड होतं: वेग. त्याला कोणाशी शर्यत लावायची नव्हती. युद्धाच्या काळात बांधलेली आणि आता ओस पडलेली विमानांची एक धावपट्टी त्याने शोधून ठेवली होती. तिथे सरळ एक मैल गाडी पळवायची, शेजारी दुसरी गाडी नाही, दोन टोकांना घड्याळं धरलेली माणसं फक्त. देशात आजवर कोणी गेलं नसेल तेवढ्या वेगाने जायचं, असं तो म्हणायचा. आजवर कोण किती वेगाने गेलं होतं हे त्याला नीट माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

इंजिन होतं कुठल्याशा संस्थानिकाच्या भंगारात निघालेल्या अमेरिकन मोटारीचं. एका ओळीत आठ सिलिंडर, माणूस आडवा निजेल एवढं लांब. शेठने मोटार फेकली आणि इंजिन ठेवलं. त्यातून आम्हाला जवळजवळ नवं इंजिन घडवायचं होतं. बाहेरून सुटे भाग मागवायचे तर परवाना लागायचा आणि तो मिळायचा नाही. तेव्हा सगळं इथेच. पिस्टन मी नवे आखले आणि कुर्ल्याच्या एका ओतकामवाल्याकडून ओतून घेतले. चौदा वाया गेले तेव्हा आठ चांगले निघाले. एका कार्बोरेटरच्या जागी तीन बसवले. कॅमशाफ्टचं ड्रॉइंग मी काढलं. इंजिन चांगलं होतं. आजही छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या आकड्यांत चूक नव्हती.

पण एक काम माझ्या हातचं नव्हतं. पिस्टन खालीवर होतात त्याने जो जाड वाकडातिकडा दांडा फिरतो, तो क्रँकशाफ्ट. हा दांडा जिथे जिथे टेकतो तिथे एक मऊ पांढरा धातू ओतून बसवलेला असतो. त्याला बेअरिंग म्हणतात. खरं तर दांडा त्या धातूला टेकतच नाही. मध्ये तेलाचा केसाएवढा थर असतो, आणि ते तेल दांड्याच्या पोटातल्या भोकांमधून येतं. तेल अडलं की धातू वितळतो. मग इंजिनाचा निकाल लागायला काही क्षण पुरतात.

ही बेअरिंगं हाताने ओतून, हाताने खरवडून बसवणारा माणूस शेठकडे होता. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. माहुलच्या कोळीवाड्यातला, साठी उलटलेला, काळा, हडकुळा. कारखान्याच्या आवारात एका बाजूला त्याची भट्टी होती. ट्रकांच्या कामातून वेळ काढून तो बोटींच्या इंजिनांची बेअरिंगं ओतायचा. माहुल, ट्रॉम्बे, पार वर्सोव्यापर्यंत ज्याच्या बोटीचं इंजिन ठोके द्यायला लागे, तो पिस्टनला दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड पोत्यात घालून आमच्या फाटकाशी येई. शेठला विचारत नसे, मला तर नाहीच. "मिस्त्री हाय का?" एवढंच. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर काय होतं हे त्या माणसांना ठाऊक होतं, म्हणून ती दुसऱ्या कोणाकडे जात नसत. मिस्त्रीची स्वतःची बोट कधीच विकली गेली होती. मूलबाळ नव्हतं. त्याच्याकडे होतं ते हे नाव, दुसरं काही नाही.

शेठने एक दिवस आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"गाडी पळाली ना, की मी इंजिनांचं खातं वेगळं काढणार. त्याला हेड एकच. म्हातारा की इंजिनियर, ते इंजिनच सांगेल." आणि खो खो हसला. शेठला माणसांची झुंज लावायला आवडायचं. मला ते कळत होतं, आणि तरीही मी झुंजीला उतरलो.

मिस्त्री सगळ्यांनाच तू म्हणायचा, शेठलासुद्धा. कोळीवाड्यात तसंच बोलतात. मला ते खुपायचं. त्याची काम करायची तऱ्हा त्याहून खुपायची. धातू किती तापला हे बघायला तो माडाच्या झावळीची एक हीर, म्हणजे काडी, त्यात बुडवायचा. हीर नुसती तांबूस झाली तर थांबायचा, काळी पडली तर शिव्या घालायचा आणि मधल्या रंगाची निघाली की ओतायचा. दिव्याची काजळी तेलात कालवून दांड्याला फासायची, दांडा बसवून फिरवायचा, धातूवर काळे ठिपके कुठे उमटले ते बघायचं आणि तेवढंच खरवडायचं. परत फासायचं, परत फिरवायचं. एका बेअरिंगला दोन-दोन दिवस. शेवटी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये घालून दांडा ओढून बघायचा आणि म्हणायचा, "झाला."

"काय झाला?" मी एकदा विचारलं. सगळे फिटर आजूबाजूला होते. "किती गॅप आहे?"

"बरोबर हाय तेवडा."

"किती, ते सांगा ना." मी माझा मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला. "हे घ्या. वाचा."

त्याने ते यंत्र हातात धरलं, फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं.

"वाचा की मिस्त्री. उलटं धरलंय ते."

फिटर हसले. एकाने शिट्टी मारली. मिस्त्रीने यंत्र टेबलावर ठेवलं, अगदी हळू, फुटेल की काय अशा बेताने.

"मना वाचता नाय येत," तो म्हणाला. "तू माप. बग काय येतं ता."

मी मापलं. दीड हजारांश इंच. पुस्तकात होतं तेच. मी ते मोठ्याने बोललो नाही. "चालेल," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फिटर त्याला बघितलं की म्हणायला लागले, "मिस्त्री, उलटं धरलंय!" मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला गोड वाटायचं.

खंडेनवमी आली तेव्हा इंजिन उलटं करून स्टँडवर ठेवलेलं होतं. क्रँकशाफ्ट बसवलेला, वरून सगळं उघडं. दांड्यातली तेलाची भोकं, आपली करंगळी जाणार नाही एवढी बारीक, तोंड वर करून होती. आदल्या दिवशी मिस्त्रीने प्रत्येक भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा घातला, वरून शिडाचं जाड कापड अंथरलं आणि सुतळीने चहूकडून बांधून टाकलं. कोळ्यांची गाठ, आपल्याला सुटायची नाही अशी.

"पूजा कपड्यावरून," त्याने सगळ्यांना बजावलं. "मशीन उघडा असला का त्याच्यावर फूलबी नाय टाकाचा. बोटीवर आमी असाच करताव."

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. पुजाऱ्याने कपड्यावरून हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले, अक्षता टाकल्या. शेठने नारळ फोडला. पेढे वाटले. हत्याराला हात लावायचा नाही म्हणून दुपारी बारालाच कारखाना बंद झाला आणि मिस्त्री माहुलला गेला. किल्ली माझ्याकडे होती. शेठने महिन्यापूर्वीच ती मला दिली होती, आणि ती मी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचो, दिसेल अशी.

दुपारी मी वडिलांना घेऊन गेलो. ते पहिल्यांदाच येत होते. धुतलेलं धोतर, काळी टोपी. गिरणीत त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या साच्याची पूजा केली होती, तेव्हा मुलाच्या मशीनची पूजा करायची म्हणून आईने दिलेल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता कागदाच्या पुडीत घालून आणल्या होत्या. वॉचमनने त्यांना सलाम ठोकला. ते गडबडले.

इंजिनासमोर ते उभे राहिले आणि मालवणीत म्हणाले, "ह्यां तुझां?"

"माझं."

"दिसत नाय काय ता."

खरंच काही दिसत नव्हतं. एक बांधलेलं गाठोडं होतं ते. मी सुतळीच्या गाठी सोडायला लागलो. सुटेनात, तेव्हा चाकूने कापल्या. वडील म्हणाले, "कित्याक सोडतंस? झाकलेलांच बरां मा?"

"बाबा, बघा तरी. तुमच्या मुलाने काय केलंय ते बघा."

कापड काढलं. बोळेसुद्धा काढले, कारण मला त्यांना तेलाची भोकं दाखवायची होती. तेल इथून येतं, इथून जातं, सगळं समजावलं. त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मी पुढचं बोलायच्या आत त्यांनी पुडी उघडली, डोळे मिटले आणि मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या.

तांदूळ लोखंडावर पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. हलका, पसरत गेलेला.

मी ओरडलो नाही. ब्रशने दाणे गोळा केले. मग कॉम्प्रेसरची नळी आणली आणि सगळीकडून जोरात हवा मारली. हवेने काय होतं, तर वरचे दाणे उडतात आणि भोकात पडलेले आत जातात. शाळेतल्या पोराला कळेल. पण मला पदवी होती ना, मला वाटलं हवा मारली की साफ. बोळे परत घातले, कापड टाकलं, नवी सुतळी बांधली.

दसऱ्यानंतर मिस्त्री कामावर आला तो थेट इंजिनाकडे गेला.

"गाठ माजी नाय," तो म्हणाला.

"माझी आहे. मला माप घ्यायचं होतं."

"कवा?"

"तुम्हाला विचारून घ्यायला पाहिजे होतं का?"

तो इंजिनाभोवती फिरला, जमिनीवर वाकून बघितलं. मग म्हणाला, "दांडा बाहेर काढू. पुरा धुवून परत बसवू."

त्याला चार दिवस तरी लागले असते. फिटर बघत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला काम वाढवायचंय. शेठना सांगू का, की म्हाताऱ्याला रोजाचे दिवस भरायचेत?"

कोणीतरी मागून म्हणालं, "उलटं धरलंय!" आणि हशा झाला. मिस्त्रीने हात पुसले आणि भट्टीकडे गेला. दांडा बाहेर निघाला नाही. आत दाणा आहे हे मला माहीत नव्हतं, हे खरं. असू शकेल हे मात्र माहीत होतं.

थंडीत आम्ही गाडी धावपट्टीवर नेली. लांब, अरुंद, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, शेठने तिला लाल रंग दिला होता. चालवत शेठ स्वतः होता. पहिल्या दोन धावा बऱ्या गेल्या. तिसऱ्या धावेला शेठने हात वर केला, म्हणजे आता पूर्ण सोडणार. इंजिनाचा आवाज चढत गेला. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आठ सिलिंडर एका सुरात. मी माझ्या आकड्यांचा विचार करत होतो आणि मला हसू येत होतं. मिस्त्री माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. अर्ध्या मैलाच्या जरा पुढे तो एकदम उभा राहिला.

"सहावा," तो म्हणाला.

मला काही ऐकू आलं नव्हतं. पुढच्या क्षणी ठोका मलाही ऐकू आला, मग धाड असा आवाज, आणि गाडीच्या कुशीतून धूर. सहाव्या सिलिंडरचा रॉड तुटून लोखंडाची भिंत फोडून बाहेर आला होता. गाडी आडवी घसरत जाऊन गवतात थांबली. शेठला ओरखडासुद्धा नाही. तो उतरला, आमच्याकडे चालत आला आणि धापा टाकत एवढंच म्हणाला, "सोमवारी खोला. मला माणूस पाहिजे. ज्याने वाट लावली तो माणूस."

सोमवारी सकाळी मिस्त्रीने इंजिन खोललं. सहाव्या बेअरिंगचा धातू मेणासारखा वितळून गेला होता. बाकीची सात बेअरिंगं शाबूत होती, आरशासारखी. त्याने दांडा बाहेर काढला, बारीक तार घेतली, सहावा रॉड जिथे बसतो तिथल्या तेलाच्या भोकात घातली आणि बराच वेळ आत काहीतरी उकरत राहिला. मग मला भट्टीमागे बोलावलं.

"हात पुढं कर."

माझ्या तळहातावर त्याने तीन दाणे ठेवले. दोन जळून कोळसा झाले होते. तिसरा त्यांच्या मागे अडकलेला, त्याचं एक टोक अजून लाल होतं.

"तांदूळ," तो म्हणाला. "कुंकवाचा."

मी मूठ मिटली.

"भटानं टाकला तवा मी हुतो. कपडा बांदलेला हुता. मंग उगड्यावर कोनी टाकला?"

"मला काय माहीत?"

"वॉचमनला माहीत हाय. तुजा बाप आयलता." त्याचा आवाज चढला नव्हता. "त्याचा नाव मी घ्याचा नाय. त्यानं देवाच्या नावानं टाकला. कपडा तू सोडलास. शेठ आला का तू सांग, तुज्या तोंडानं. मी मदी बोलाचा नाय."

शेठ दहाच्या सुमारास आला. खुर्ची मागवून इंजिनासमोर बसला. सगळा कारखाना भोवती उभा. मिस्त्री माझ्या समोर, हात मागे बांधून. माझी उजवी मूठ मिटलेली होती आणि आत ते तीन दाणे.

"बोल इंजिनियर."

मी सांगणार होतो की नव्हतो, हे इतक्या वर्षांनी लिहिताना मला सोयीचं उत्तर देता येईल. देत नाही. मी वितळलेलं बेअरिंग डाव्या हाताने उचललं आणि म्हटलं, "हे घट्ट खरवडलं होतं. तेलाला जागाच ठेवली नव्हती."

"खरवडलं कोणी?"

मी नाव घेतलं नाही. मिटल्या मुठीनेच मिस्त्रीकडे दाखवलं.

शेठ हसायला लागला. टेबलावरचा माझा मायक्रोमीटर उचलून त्याने मिस्त्रीसमोर धरला. "वाच ना म्हाताऱ्या. किती ठेवलं होतंस, वाच. आम्हाला पण कळू दे." फिटर हसले. मग शेठच्या तोंडाला शिव्या आल्या, आईवरून, जातीवरून, त्या मी लिहीत नाही. मिस्त्री शेठकडे बघतच नव्हता. शेवटपर्यंत माझ्या मुठीकडे बघत होता. बोलणार नाही म्हणाला होता आणि बोलला नाही. त्या जागी तरी मी त्याच्यासारखा असायला हवा होतो, पण असं नुसतं म्हणायला काय जातं.

तो भट्टीवरची हत्यारं गोळा करून निघाला तेव्हा मी मूठ जळक्या तेलाच्या पिंपात उघडली.

शेठचं एवढ्याने भागलं नाही. त्याने तुटलेला रॉड, त्याच्या तोंडाशी ओघळलेल्या धातूसकट, तारेने फाटकाला टांगायला लावला. खाली पाटी हवी म्हणाला. "इंजिनियर, तुझं अक्षर चांगलं आहे." मी पांढऱ्या रंगाने पाटी लिहिली: माहुलच्या मिस्त्रीच्या हातचं काम. अक्षरं सारखी यावीत म्हणून आधी पेन्सिलीने रेघा मारल्या.

बोटवाले यायचे ते त्याच फाटकाशी. आठवड्याभराने एक आला, पोतं खांद्यावर. रॉड बघितला. पाटी त्याला वाचता आली नाही, वॉचमनने वाचून दाखवली. त्याने मला विचारलं, "मिस्त्री?"

"आता मी आहे," मी म्हटलं.

त्याने पोतं परत खांद्यावर टाकलं आणि गेला. त्यानंतर कोणी आलं नाही. मी समजत होतो ते माहुलला मिस्त्रीच्या घरी जात असतील. तसं नव्हतं. आई जिच्याकडून मासळी घ्यायची ती बाई माहुलची होती. तिने एकदा आईला सांगितलं, "त्याच्याकडं आता कोन जातंय? त्याचा बेअरिंग जळला म्हनतात. सुकट निवडाया बसतो आमच्यात, बायकांमदी." आईने ते मला सांगितलं, जेवताना, सहज. तिला काही ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

वडिलांना कळलं ते पाटीमुळे. ते एका रविवारी त्या रस्त्याने गेले होते. घरी आले, टोपी काढली नाही, तसेच उभे राहिले.

"फाटकावरची पाटी तू लिवलंस?"

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगतलो? तुझो 'म' माका वळखाक येना नाय? शाळेत असल्यापासून तू तेचा पोट फुगवतंस." तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझ्या सगळ्या वह्या त्याने जपून ठेवल्या होत्या. "त्या माणसान काय केल्यान?"

मी चिडलो. पकडला गेलेला माणूस चिडतो तसा. "त्याने काही नाही केलं. तुम्ही केलंत. तुमच्या अक्षता. तीन दाणे, बाबा. तीन दाण्यांनी माझं इंजिन फोडलं. तीस वर्षं साच्यावर तांदूळ उधळलेत, तिथे चालतं. मला वाटलं होतं, माझ्या इथे तरी अडाणीपणा करणार नाही."

आईचं कुटणं थांबलं.

वडील खाली बसले नाहीत. "मी तुका इचारलंय तेवा," ते म्हणाले, "झाकलेलांच बरां मा म्हणान." मग, "मिस्त्रीक ठावक हा?"

"आहे."

"आणि शेटाक काय सांगलंस?"

मी तोंड फिरवलं.

"चल. शेटाक सांगूया. मी सांगतंय, चूक माझी झाली म्हणान." ते दाराकडे वळलेसुद्धा.

तेव्हा मी जे बोललो ते आवाज न चढवता बोललो. "जा. सांगा. शेठने मला बोलावून विचारलं, तर मी सांगेन की हा म्हातारा कोण ते मला माहीत नाही. गिरणीतला कोणीतरी असेल, डोकं फिरलेला."

वडील उंबऱ्यातच थांबले. भिंतीवर माझी पदवी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं. मग टोपी काढून खुंटीला लावली. त्या दिवसापासून ते माझ्याशी गरजेपुरतं बोलायचे. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी गिरणीत साच्याला नुसता नमस्कार केला, अक्षता टाकल्या नाहीत, असं त्यांच्या शेजारच्या साच्यावरच्या काकांनी मला सांगितलं. "तुझ्या बापाला काय झालंय रे?" मी म्हटलं, वय झालंय.

शेठने इंजिनांचं खातं काढलं आणि मी हेड झालो. दुसरं इंजिन कधी पुरं झालं नाही. गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली, शेठचं वेड उतरलं, मी ट्रकची इंजिनं बघायला लागलो. पण हेड होतो. त्या जोरावर मुलुंडच्या चांगल्या घरातली, मॅट्रिक झालेली मुलगी सांगून आली.

लग्न मुलुंडलाच एका हॉलमध्ये झालं. शेठ पहिल्या रांगेत, कोसा सिल्कचा झब्बा घालून. मंगलाष्टकं चालू झाली. अंतरपाटाच्या कडेने मला वडील दिसत होते. नवरामुलाचा बाप म्हणून त्यांना पुढे उभं केलं होतं. सावधान म्हटलं की सगळे अक्षता टाकत होते, लांबून, जवळून, पोरं तर नेम धरून डोळ्यांवर मारत होती. वडिलांची उजवी मूठ छातीशी मिटलेली. भटजी दोनदा म्हणाले, "वरपिते, टाका ना." मामाने कोपराने ढोसलं. अंतरपाट निघाला, वाजंत्री वाजली, मूठ तशीच.

मी आणि माझी बायको पाया पडायला गेलो. तिच्या डोक्यावर त्यांनी डावा हात ठेवला. मग माझा उजवा हात धरून उघडला आणि स्वतःची मूठ त्यावर सैल केली. तांदूळ घामाने ओले झाले होते. त्यातले तीन त्यांनी बोटाने वेगळे केले, बाकीचे खाली सांडू दिले.

"हे तुझे," ते म्हणाले. "शेट थंय बसलोहा. दाखय तेका."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं हा कोकणातला काही रिवाज असेल. मी मूठ मिटली आणि तिला घेऊन पहिल्या रांगेकडे गेलो. शेठ उठला, त्याने मला मिठी मारली, खिशातून पाकीट काढलं आणि पुढे केलं. मी ते डाव्या हाताने घेतलं.

"अरे इंजिनियर," शेठ म्हणाला, "आहेर डाव्या हाताने घेतात का? उजव्यात काय दडवलंयस?"

मागे वडील उभे होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"काही नाही शेठ," मी म्हटलं.